‘इनसाइड आउट’: पहिला दाखवावा की दुसरा?

‘इनसाइड आउट’ या ॲनिमेशनपटात रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावनाच पात्रं आहेत. नाशिकात पंचवटीतून इंदिरानगरला घर हललेल्या चौथी-पाचवीच्या मुलाला पहिला भाग (२०१५) लगेच भिडतो. रायली ११ वर्षांची, शहर बदलतं, आणि दुःखाचीही गरज असते हे आनंद या भावनेला उशिरा कळतं.

सातवी-आठवीला मात्र दुसराच (२०२४). रायली १३ची, हॉकी शिबिराचे ३ दिवस. चिंता, हेवा, कंटाळा, लाज या नव्या भावना. चिंता खलनायक नाही, ती पुढचे धोके आधीच मांडते. बिघडतं ते तिने सगळा ताबा घेतल्यावर. हॉकीच्या सामन्यात शिक्षेच्या बाकावर बसलेल्या रायलीचा श्वास चढतो, तो प्रसंग फार खरा उतरलाय! तिथे सिनेमा थांबवून समजावू नका. स्पर्श, आवाज, ऊन यांच्या आधाराने ती सावरते, ते सलग पाहू द्या. हिंदीत रायलीला अनन्या पांडेचा आवाज आहे.