पानावरचे तपकिरी डाग: ताम्रयुक्त फवारा की कात्री?

घरातल्या झाडावर तपकिरी डाग दिसले की कुणी बुरशीनाशकाची पुडी उघडतो, कुणी कात्री घेऊन बसतो. मी दोन्ही करून बसलोय, आणि तेही एकाच डिफेनबेकियावर. पहिल्या खेपेला पुडी, दुसऱ्या खेपेला कात्री. यातलं काय करावं या विचारात असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. झाड एकच होतं, त्यामुळे त्याला प्रयोग वगैरे म्हणवत नाही.

आधी एक चाळणी लावून घ्या. पानाचं नुसतं टोक वाळून कुरकुरीत झालं असेल तर दोन्ही उपाय बाजूला ठेवा. ड्रॅसीना आणि स्पायडर प्लांटला नळाच्या पाण्यातलं फ्लोराइड सोसत नाही, शिवाय खताचे क्षार मातीत साचले तरी टोकं जळतात. खिडकीकडच्याच बाजूला फिकट, कागदासारखा चट्टा असेल तर ते ऊन आहे, कुंडी सरकवा. माती ओलीच राहते आणि पानावर मऊ, काळपट डाग पसरताहेत, असं असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं बघा. ती तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असली तर मुळकूज आहे, तिथे पानावर काहीही फवारून उपयोग नाही.

फवारा की कात्री हा प्रश्न खऱ्या ठिपक्यांपुरताच. गोल, वर्तुळात वर्तुळ असलेले, भोवती पिवळी कड, मध्ये भिंगातून दिसणारे काळे कण, हे बहुधा बुरशीचं काम. ठिपका पाणी मुरल्यासारखा ओलसर दिसतो आणि शिरांपाशी अडून कोनाकोनाचा होतो, तेव्हा जिवाणूंचा संशय घ्यावा. माझ्या डिफेनबेकियावर पहिल्या प्रकारचे होते, खालच्या तीन पानांवर.

माझ्या पुडीत होतं कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक. त्याच्या बाजूने बोलायचं तर ते बुरशीवर चालतं आणि जिवाणूंनाही काही प्रमाणात आवरतं. मॅन्कोझेब या तांबं नसलेल्या बुरशीनाशकाकडून ही दुसरी अपेक्षा ठेवता येत नाही. 1 लिटर पाण्यात 2.5 ते 3 ग्रॅम पावडर, पानाच्या दोन्ही बाजूंना फवारा, काम दहा मिनिटांचं. एकही पान गमवावं लागत नाही, हा मोठाच फायदा. फक्त हे औषध पानाच्या आत शिरत नाही. वरच बसतं आणि बुरशीच्या नव्या बीजाणूंना, म्हणजे तिच्या सूक्ष्म बियांना, रुजू देत नाही. पडलेला डाग तसाच राहतो, त्यामुळे यश मोजायची रीत एकच: जुना डाग वाढतोय का आणि नवा येतोय का.

माझं घोडं इथेच अडलं.

डाग वाढतोय का हे बघायला मी बारीक मार्करने त्याच्या कडेने रेघ ओढतो आणि शेजारी तारीख लिहितो. आठ दिवसांनी तपकिरी रंग रेघेबाहेर गेला की समजायचं, रोग जिवंत आहे. फवारणीनंतर पानावर निळसर-पांढुरका थर बसला आणि त्याखाली रेघ गेली, तारीख गेली, डागाची पिवळी कडही गेली. त्यात डिफेनबेकियाचं पान जन्मजात पांढऱ्या शिंतोड्यांचं! औषध कुठे संपतं आणि पानाची नक्षी कुठे सुरू होते, काही कळेना. नखाने खरवडून पाहिलं. ओल्या फडक्याने एक पान पुसलं तर डाग दिसला, पण औषधही फडक्यावर आलं. मग पुन्हा फवारणी, पुन्हा थर. महिनाभर मी औषध देत होतो आणि ते लागू पडतंय की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.

गंमत म्हणजे तांब्याच्या औषधांची सुरुवातच या डागाळण्यातून झाली. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे येणारेजाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. त्याच वेलींवर केवडा रोग कमी आहे, हे 1882 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रण जाहीर केलं. चोरांसाठी ठीक आहे, पण घरच्या कुंडीत मला पान दिसायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला डाग आले तेव्हा पुडीला हात लावला नाही. तेरापैकी चार पानं देठापासून कापली, दर कापानंतर पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसून. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पानं काढू नयेत, म्हणून पाचवं डागाळलेलं पान रेघ ओढून ठेवलं. हातमोजे घालाच; डिफेनबेकियाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि हाताची आग होते. खरा बदल मात्र पाण्यात केला. पानांवर रोज संध्याकाळी पाणी उडवायची माझी हौस बंद केली, पाणी सकाळी आणि फक्त मातीवर. कुंडी शेजारच्या कुंड्यांपासून हातभर लांब. पान काही तास ओलं राहिलं नाही तर बीजाणू रुजायला अडचणच होते.

झाड महिनाभर बोडकं, एका बाजूला कललेलं दिसत होतं, हे कबूल. कात्रीची खरी किंमत तीच. पण पाचव्या पानावरची रेघ रोज सकाळी दिसत होती. दोन आठवडे तपकिरी रंग रेघेच्या आतच राहिला आणि वरून उलगडलेलं नवं पान स्वच्छ निघालं. हवा कोरडी झाल्याचाही त्यात वाटा असेल, नाही म्हणत नाही.

निंबोळी तेलाचं विचाराल तर कोळी आणि खवले किडीसाठी मी ते वापरतो, डागांसाठी नाही. साबण घालूनही ते सारखं ढवळावं लागतं आणि बंद खोलीत वास दोन दिवस हटत नाही.

काही ठिकाणी मात्र मी पुडीच उघडेन. डाग ओलसर, कोनाकोनाचे आहेत आणि एका कुंडीतून दुसरीत चाललेत, किंवा झाडाला मुळात चारच पानं आहेत, तर कात्रीवर अडून बसण्यात अर्थ नाही. तेव्हाही सगळ्यात खराब पान आधी काढा. उरलेल्या पानांवरच्या दोन-तीन डागांशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढा आणि मगच फवारा. पुढे एखादा कोपरा पुसून पट्टी पुन्हा लावली की निदान मिलिमीटर तरी मोजता येतील. पहिल्या खेपेला मला हे सुचलं नव्हतं.