वेबसाइट करून दोन हंगाम झाले, रोटाव्हेटरवाल्याचा अनुभव

आमचं कोल्हापूरजवळ एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, रोटाव्हेटर, पल्टी नांगर, सरी रेजर असली ट्रॅक्टरला जोडायची अवजारं बनवतो. गेल्या रब्बीच्या तोंडावर वेबसाइट करून घेतली, आता खरीपही उलटला, म्हणजे नीट वापरून झाली असं म्हणायला हरकत नाही. ओळखीतले सगळे एकच विचारतात, कुणाकडनं केली आणि कितीला बसली. अहो पण करणारा पोरगा कितीही हुशार असला तरी 5 फुटी आणि 6 फुटीतला फरक त्याला कुठनं कळणार, आपण त्याच्या हातात काय देतो त्यावरच सगळं ठरतं.

पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, कुठल्या साइट आवडतात? इथं जवळपास प्रत्येक जण मोठ्या ट्रॅक्टर कंपनीची साइट उघडतो आणि म्हणतो, अश्शीच पायजे. आम्ही त्याला ऑफिसातली फोनची वही दिली. फोन वहिनी घेतात आणि कोण काय विचारतो ते लिहून ठेवायची त्यांना जुनी सवय आहे. वहीत बघितलं तर तेच तेच प्रश्न, माझा ट्रॅक्टर अमुक एचपीचा, त्याला कितीचा रोटाव्हेटर ओढेल, ब्लेडचा सेट केवढ्याला, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, नंबर लागलाय, कोटेशन आणि मशीनचा टेस्ट रिपोर्ट लगेच पाठवा. झालं, या तीन गोष्टींची तीन मोठी बटणं पहिल्याच पानावर आली. आज सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान कुठलं म्हणाल तर टेस्ट रिपोर्टचं, कारण अनुदानासाठी तो अपलोड करावाच लागतो आणि आधी तो आम्ही रात्री-अपरात्री व्हॉट्सअपवर पाठवत बसायचो. त्याखालोखाल एचपीचा तक्ता. "आमचे व्हिजन" वगैरे पान पण आहे, पोरानं हौसेनं केलंय, तिकडं कोणी फिरकत नाही.

फोटोंवरनं मात्र वाजलं. टेम्प्लेटमधे चेक्सचा शर्ट घातलेला गोरा शेतकरी आणि मागं क्षितिजापर्यंत गहू. आपल्याकडं उसाच्या खोडव्यात मशीन घालतात हो, ब्लेडला काळी माती चिकटलेली दिसली पाहिजे, तरच गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. मग आम्हीच मोबाइलवर फोटो काढून दिले आणि त्यानं ते जसेच्या तसे चढवले, एकेक फोटो 5-6 एमबीचा. त्याच्या ऑफिसच्या वायफायवर साइट फटकन उघडायची, बांधावर उभं राहून उघडली तर चक्र फिरतंय ते फिरतंयच. आता प्रत्येक फोटो 200 केबीच्या आत आहे. साइट ताब्यात घ्यायच्या आधी रेंज कमी असलेल्या जागी, स्वस्तातल्या फोनवर उघडून बघाच, डेमोला भुलू नका. आणि जुन्या ब्रोशरचा मराठी मजकूर श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टात, असेल तर तो तसाच पेस्ट केला की नुसता कचरा दिसतो, आधी कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमधे करून द्या.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, तर लिहायलाच पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एका शेडवाल्याचं डोमेन करणाऱ्यानं स्वतःच्याच ईमेलवर घेतलेलं, पुढं तो नोकरीला गेला, फोन उचलेना, रिन्यूअल चुकलं आणि साइटसोबत कंपनीचे ईमेलपण बंद. वर मशीनच्या नेमप्लेटवर तोच पत्ता ठोकलेला, विकलेल्या मशीनवरनं आता तो कसा पुसणार? म्हणून आम्ही डोमेन आणि होस्टिंग आमच्या ईमेलवर, आमच्याच कार्डावरनं घेतलं, त्याला फक्त लॉगिनची परवानगी दिली. गूगल मॅपवरच्या दुकानाचंही तेच, मालकी आपल्या खात्यात, तो नुसता मॅनेजर.

पैशाचं बोलायचं तर हप्ते पाडून घ्या, आणि शेवटचा हप्ता साइट गूगलमधे दिसायला लागल्यावर असं कागदावर लिहा. आमची साइट चालू होऊन बरेच दिवस झाले तरी नाव टाकून सापडेना. शोधलं तर साइट ज्यावर बनवलीय त्या वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमधे सर्च इंजिनला मनाई करणारी टिक तशीच राहिलेली, काम चालू असताना लावतात आणि काढायची विसरतात. हप्ता बाकी होता म्हणून पोरगा त्याच संध्याकाळी हजर! त्याच कागदावर हेही लिहून घ्या की डिझाइन आणि कोडचे हक्क तुमचे, कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिल्याशिवाय येत नाहीत आणि मुदत लिहिली नाही तर 5 वर्षंच धरतात. कोटेशनमधे 18 टक्के जीएसटी धरलाय का हेही आधीच विचारा, नंतर तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही.

तक्रार एकच, चौकशीच्या फॉर्मची. डीलरशिपसाठी आलेले मेल स्पॅममधे जाऊन पडत होते आणि कुणाला पत्ता नाही. आता मेल पाठवायची वेगळी सोय करून घेतलीय, तरी सोमवारी वहिनी स्वतः एक खोटी चौकशी टाकून बघतात. तशी लोकांची पसंती व्हॉट्सअपच्या बटणालाच.

अजून एक, घरातला शेवटचा शब्द कुणाचा ते आधी ठरवा. आमच्याकडं काकांना वर सरकती लाल पट्टी हवी होती, चुलतभावाला काळी साइट, प्रत्येक जण पोराला परस्पर व्हॉइस मेसेज टाकायचा, तो बिचारा कुणाचं ऐकणार? शेवटी सगळं वहिनींवर सोपवलं, काका आठवडाभर बोलले नाहीत, पण काम सरळ झालं.

कन्नड पान अजून बाकी आहे. निपाणी-चिकोडीकडनं फोन वाढलेत, त्याचा मजकूर तिकडच्याच एका डीलरकडनं लिहून घेतोय, मशीनची नावं तिथले शेतकरी जशी घेतात तशीच यायला हवीत. तो आला की एचपीच्या तक्त्यापासून सुरुवात करणार, व्हिजनचं पान कन्नडमधे होणार नाही.