पीएमएफएमईचं कर्ज, १४ महिन्यांनंतर: मिल आली, तुरीला पैसा नाही

‘३५ टक्के सबसिडी’ एवढंच ऐकून या कर्जाकडे वळणाऱ्यांसाठी लिहितेय. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून (हीच पीएमएफएमई) आम्ही छोटी डाळ मिल टाकली. हप्ते सुरू होऊन ८ महिने झाले, एकही चुकलेला नाही. तरी पाचपैकी साडेतीनच देईन.

अर्जाची उगाच धास्ती घेतली होती. जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज भरायला, प्रकल्प अहवाल करायला मदत करते आणि तिचं मानधन सरकार देतं. फाइलमागे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. (आमच्याकडे मागितले. दिले नाहीत. फाइल तरी पुढे गेली.) खरा वेळ खाल्ला बँकेनं. मधेच मॅनेजर बदलले, नव्या साहेबांनी सगळं पहिल्यापासून मागवलं, तोवर यंत्राच्या कोटेशनची मुदत संपलेली.

सबसिडीबद्दल घरात मोठा गैरसमज होता. प्रकल्प १२ लाखांचा, त्यात १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार आमचे, बाकी कर्ज. सबसिडी ४ लाख २० हजार. दीर त्या पैशातून शेड वाढवायला निघाले होते! ते पैसे हातात येतच नाहीत. बँकेत आपल्या कर्जाच्या नावे वेगळे राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि ३ वर्षं खातं नियमित राहिलं तर कर्जात वळते होतात. आम्हाला हे मंजुरीनंतर कळलं.

पण दमवलं ते खेळत्या भांडवलानं, म्हणजे माल घ्यायला लागणाऱ्या पैशानं. कर्जाची रक्कम थेट यंत्रवाल्याच्या खात्यावर गेली. नवीकोरी मिल दारात उभी आणि भरडायला तूर नाही, अशी गत. नवी तूर बाजारात येते ती मुख्यतः जानेवारी ते मार्च. तेव्हाच रोखीनं घेऊन ठेवावी लागते. डाळ मात्र वर्षभर थोडी थोडी खपते, तीही दुकानदाराच्या उधारीवर. पहिल्या हंगामात घरची तूर भरडली, मग दीड महिना मिल बंद. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला हजर.

पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी केली. यात माल गोदामात तारण ठेवून त्यावर कर्ज मिळतं. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. ऐकायला छान, पण माल शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातलाच लागतो, विकत घेतलेला चालत नाही. घरची तूर गोदामात ठेवली तर मिलमध्ये काय घालू?

शेवटी बँकेकडून ३ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचं खातं) मिळाली. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, द्यायचं. ज्या तुरीचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे राहिलेत ती हिशेबात धरत नाहीत आणि उरलेल्या मालाच्या किमतीतून २५ टक्के मार्जिन (आपला वाटा) कापतात. म्हणजे पूर्ण ३ लाख उचलायचे तर ४ लाखांचा पैसे चुकवलेला माल घरात हवा.

पुन्हा करायची वेळ आली तर यंत्राचं मुदत कर्ज आणि सीसी एकाच अर्जात मागेन, आणि पहिला हप्ता डाळ विकायला लागल्यावरच पडेल असा मॉरेटोरियम (हप्त्यांना सुरुवातीची सूट) लिहून घेईन. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेतली ३ टक्के व्याज सवलत याच कर्जाला जोडून घेता येते का, हेही मंजुरीआधीच विचारून घ्या. आम्ही त्यासाठी आता धावतोय.

सीसी सध्या नूतनीकरणाला आहे. या वेळी ५ लाखांची मर्यादा मागितली आहे. साहेब परत बदललेत.