१९८५च्या जुलैतला एक आठवडा, चार डीव्हीडींच्या संचात

११ जुलै १९८५ रोजी कोका-कोलाने ग्राहकांच्या रोषापुढे नमते घेऊन जुनी चव परत आणण्याची घोषणा केली आणि दोनच दिवसांनी, शनिवारी, लंडनचे वेम्बली व फिलाडेल्फियाचे जेएफके स्टेडियम इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी उपग्रहाने जोडले गेले. तो ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीसाठीचा संगीत जलसा २००४ साली निघालेल्या चार डीव्हीडींच्या संचात पाहताना आजही अंगावर काटा येतो. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची जेमतेम २१ मिनिटे तर पुन्हा पुन्हा पाहावीत. पांढऱ्या बनियनमधला, माइकचा अर्धा दांडा हाती धरलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसती एक लकेर सोडतो आणि अख्खे मैदान ती जशीच्या तशी परत करते. गायक फिल कॉलिन्स तर कॉन्कॉर्ड या स्वनातीत विमानाने अटलांटिक ओलांडून दोन्ही मंचांवर गायला. असा हौसेचा थाट त्याच दशकाला शोभावा!

सुमारे १६ तासांचा कार्यक्रम १० तासांत बसवताना पुष्कळ काही गाळले गेले आहे आणि लेड झेपेलिन या रॉक बँडने स्वतःच नकार दिल्यामुळे त्यांचे वादनही यात नाही, ही उणीव मला खरोखर जाणवते. चित्र त्या काळच्या व्हिडिओसारखे काहीसे धूसर आहे, पण ते चकचकीत केले असते तर त्या दुपारचे ऊन हरवले असते, असे माझे मत आहे. संच मिळाला तर जरूर घ्यावा आणि पहिली डीव्हीडी सलग पाहावी.