मॅक्सिस असेगाय 29 × 2.5: उतारावर बिचकणाऱ्यांसाठी पुढचा टायर

निकाल आधीच सांगून टाकते. डोंगरी सायकलींच्या एंड्युरो शर्यतीत हौसेने उतरणाऱ्या, पण तीव्र उतार दिसला की ज्याची बोटं आपसूक ब्रेकवर जातात अशा माणसाने पुढच्या चाकाला मॅक्सिसचा असेगाय घालावा, तोही मॅक्सग्रिप नावाच्या मऊ रबरातला. मागच्या चाकाला मात्र घालू नये. का, ते खाली येईलच.

मी मूळची साताऱ्याची, आता एडिनबरात राहते. चाळिशी मागे पडली आहे, वजन 58 किलो. सुट्टी मिळाली की स्कॉटलंडमधल्याच ट्वीड खोऱ्यात, पीबल्स नाहीतर इनरलीदनला जाते. इनरलीदनच्या गोल्फ मैदानावरच्या डोंगरात ज्या वाटा आहेत त्यांना सगळे 'गोल्फी' म्हणतात. सिट्का स्प्रूसचं दाट जंगल, काळी भुसभुशीत माती, वाटेत आडवीतिडवी मुळं, आणि पावसाचा काही नेम नाही. याच खोऱ्यात एंड्युरो वर्ल्ड सीरीजच्या फेऱ्या झाल्या आहेत. आम्ही हौशी लोकही त्याच डोंगरात धडपडतो. निकालाच्या यादीत माझं नाव शोधायचं असेल तर खालून सुरुवात केलेली बरी.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चढ आपापला चढायचा, त्याची वेळ धरत नाहीत, फक्त ठरलेल्या मुदतीत वर पोहोचायचं. घड्याळ चालतं ते उतारांवर. दिवसभरात चार-सहा उतार, सगळ्यांच्या वेळेची बेरीज, जिची बेरीज कमी ती पुढे. टायरचा हिशोब या नियमाला धरूनच करावा लागतो. असेगाय चढावर जड जातो, यात वाद नाही. पण तो दंड आपण घड्याळ बंद असताना भरतो आणि कमाई घड्याळ चालू असताना होते. क्रॉस-कंट्री शर्यतीत, जिथे चढाचीही वेळ धरतात, हाच टायर घालून कुणी आलं तर त्याला मी वेड्यात काढीन.

हा टायर 2018 मध्ये ग्रेग मिनारच्या नावाने आला. मिनार दक्षिण आफ्रिकेचा, डाउनहिलमध्ये, म्हणजे निव्वळ उताराच्या शर्यतीत, तेव्हा तीन वेळा जगज्जेता होता, 2021 मध्ये चौथ्यांदा झाला. अशा माणसासाठी घडवलेला टायर आपल्यासारख्यांच्या काय कामाचा, अशी शंका मलाही होती. उत्तर बटणांच्या, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांच्या, मांडणीत आहे. मॅक्सिसचाच जुना, नावाजलेला मिनियन डीएचएफ घ्या. त्यात मधली बटणं आणि कडेची बटणं यांच्यामध्ये मोकळी पट्टी आहे. सायकल नीट, निःशंकपणे झुकवली की कडेची बटणं जमिनीत रुततात आणि वळण झकास बसतं. अर्धवट झुकवली तर चाक त्या मोकळ्या पट्टीवर येतं आणि क्षणभर काहीच हाताला लागत नाही. तरबेज माणूस अर्धवट झुकवतच नाही, आम्ही मात्र बहुतेक वेळा तेच करतो. असेगायमध्ये त्या मोकळ्या जागेत अधली बटणं बसवलेली आहेत. त्यामुळे सायकल सरळ असो, थोडी कललेली असो की पूर्ण झुकलेली, पकड कुठे तुटत नाही. जगज्जेत्याला तिचा जेवढा उपयोग असेल, त्याहून जास्त मला आहे, असं माझं ठाम मत आहे.

रबराबद्दल. मॅक्सग्रिप हे कंपनीचं सगळ्यात मऊ मिश्रण. दाबलं की लगेच उसळी मारत नाही, सावकाश पूर्ववत होतं. म्हणून ओल्या दगडावरून टायर टणकन उडत नाही, चिकटून राहतो. त्याखालचं मॅक्सटेरा थोडं कडक, जास्त टिकणारं, चढावर हलकं. कोरड्या दिवशी दोन्हींतला फरक मला फारसा कळत नाही. ओल्या मुळांवर तो आंधळ्यालाही कळेल.

गोल्फीवर एका शर्यतीत सकाळपासून रिमझिम होती. दुसऱ्या उतारावर झाडीत शिरल्या शिरल्या वाट डावीकडे कलते आणि तिथेच तिरकस मुळांची जाळी आहे, साल निघून गुळगुळीत झालेली. अशा जागी नियम एकच: ब्रेक सोडायचा, हँडल हलवायचं नाही, नजर पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर, विचार करायलाही वेळ नाही. माझं मागचं चाक सरळ एक हात खाली सरकलं. पुढचं जिथे ठेवलं होतं तिथेच राहिलं. खाली फाटकाशी उभी असलेली स्वयंसेवक बाई "लव्हली!" म्हणाली, तसं ती सगळ्यांनाच म्हणत होती.

आता केसिंग, म्हणजे टायरचं अंग. इथे लोक फार गोंधळतात. एक्सो पातळ, एक्सो प्लस त्याहून थोडं जाड, डबलडाउन दुहेरी थराचं आणि डीएच सगळ्यात भक्कम. माझा पुढचा एक्सो प्लस साधारण 1200 ग्रॅम भरतो. डबलडाउन त्याहून शंभर-दीडशे ग्रॅम जड. 58 किलोच्या बाईला पुढे एक्सो प्लस पुरतो. ऐंशीच्या पुढचा गडी असेल तर त्याने सरळ डबलडाउन घ्यावा, वजनाची कुरकुर करू नये. याआधी दुसऱ्या एका कंपनीचा हलका टायर मी वापरत होते, नाव घेत नाही. शर्यतीच्या मध्यावर दगडाच्या धारेने त्याची बाजू चिरली. चीर एवढी लांब की भोक बुजवायच्या रबराच्या वाती भरूनही हवा राहीना. असल्या शर्यतीत बाहेरून मदत घेता येत नाही, जे करायचं ते आपल्या पाठीवरच्या सामानात. सायकल ढकलत खाली आले. ग्रॅम वाचवण्याचा नाद तेव्हापासून सुटला.

माझी रिम आतून 30 मिमी रुंद आहे. टायरवर डब्ल्यूटी (वाइड ट्रेल) लिहिलेलं असतं, ते 30 ते 35 मिमीच्या रिमसाठी. अरुंद रिमवर त्याची गोलाई बिघडते आणि कडेची बटणं नको तिथे जातात. हवा पुढे 20 पीएसआय, मागे 23. ट्यूबलेस बसवताना साबणाचं पाणी आणि हवेची टाकी असलेला पंप हाताशी ठेवा. एक्सो प्लस मुकाट्याने बसतो, डबलडाउन अंगठे सोलून काढतो. टायर कुठल्या बाजूने फिरायचा ते दाखवणाऱ्या बाणाची दिशा बघायला विसरू नका.

उणी बाजू. डांबरी रस्त्यावर हा टायर पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि तेवढीच शक्ती खातो. मऊ रबर झिजतंही भराभर: पुढच्या चाकाला एक मोसम निभावतो, मागच्या चाकाला घातला तर ब्रेक मारून मारून मधली बटणं लवकरच बसतात. म्हणूनच मागे मी मॅक्सटेरामधला मिनियन डीएचआर टू वापरते, डबलडाउन केसिंगमध्ये. त्याची मधली बटणं फावड्यासारखी आडवी असल्याने ब्रेक चांगला लागतो. आणि खोल, चिकट चिखल असेल तर असेगायची बटणं चिखलाने भरून जातात. तिथे मॅक्सिसचाच शॉर्टी बरा. त्याची बटणं उंच, सुटी सुटी आहेत आणि चिखल झटकून टाकतात. नोव्हेंबर उजाडला की मी शॉर्टीवर जाते, मार्चमध्ये परत असेगाय. इथे एका टायरला साठ ते ऐंशी पौंड पडतात, सवलत लागली की थोडे कमी. दोन जोड बाळगणं खर्चिक आहे, पण एंड्युरोत स्वस्त असं काय असतं?

हे सगळं ऐकून साताऱ्याहून भाच्याचा फोन आला, "मावशी, मी पण मॅक्सग्रिपच मागवू का?" तो यवतेश्वरचा घाट डांबरीवरून चढतो आणि मग मुरमाच्या वाटांनी, सुट्या खड्यांवरून खाली येतो. त्याला म्हटलं, अजिबात नको. मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर ते रबर खोडरबरासारखं संपेल, आणि वर कोरड्या मुरमावर त्याचा म्हणावा तसा फायदाही नाही. असेगायच घे, बटणांची मांडणी तुझ्या कामाचीच आहे, पण मॅक्सटेरामध्ये, एक्सो प्लस. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर थोडं सांभाळून जा. उरलेल्या पैशात गुडघ्याचे पॅड घे.

"ते आजीने केव्हाच घेऊन दिलेत," तो म्हणाला.