टर्बोचे पैसे घेतले, टर्बोला हातही लावला नाही

डिझेल गाडीचं पिकअप गेलं आणि मेकॅनिक लगेच ‘टर्बो गेला’ म्हणाला, तर बोनेटखाली पाना जाण्याआधी त्याला कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा क्रमांक, विचारा. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा; ‘टर्बो गेला’ या दोन शब्दांवर आमच्याकडून २८,००० रुपये उकळले गेले.

चाळीसगावहून संभाजीनगरला निघालो होतो. कन्नड घाटात चेक इंजिनचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना. कशीबशी माघारी आणून महामार्गालगतच्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन आम्हाला न दाखवताच कोड पुसला आणि टर्बो बदलायला सांगितलं. गाडी परत देताना सपाट रस्त्यावर पळवून दाखवली, मस्त पळाली. जुना टर्बो मागितला तर म्हणे तो कंपनीला परत जातो. पुढे धुळ्याला जाताना दिवा पुन्हा लागला.

धुळ्यात एका ऑटो इलेक्ट्रिशियनने समोर बसवून सगळं दाखवलं. कोड होता पी ०१०७. इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गातला, दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी येतंय, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर खराब आहे असंही तो कोड म्हणत नाही, मग टर्बो तर दूरच. दाब किती हेच कळेनासं झालं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, डिझेल कमी करतो आणि इंजिनची ताकद मुद्दाम बांधून ठेवतो.

त्याने कोड पुसला, इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन केली आणि वायरिंग हाताने हलवलं. तोच कोड परत आला! इंजिन बंद असताना टर्बो फिरतच नाही, मग दोष त्याचा कसा असेल? मल्टिमीटर लावला तर सेन्सरच्या ज्या पिनवर पाच व्होल्ट हवेत तिथं वायर हलली की शून्य. “भाऊ, सेन्सर चांगला शे, वायर घसाई गयी,” तो म्हणाला. ब्रॅकेटवर घासून वायर सोलली होती आणि हिसका बसला की बॉडीला टेकत होती. म्हणूनच सपाट रस्त्यावर गाडी बरी चालायची. जोड देऊन, स्लीव्ह चढवून त्याने किरकोळ मजुरी घेतली.

मग त्याने टर्बोवरचं पत्र्याचं कव्हर काढलं. नटबोल्टवर जुना गंज आणि तेलकट धुळीचा थर जसाच्या तसा. पाना लागल्याची एकही खूण नव्हती. वडिलांच्या पेन्शनमधले पैसे होते ते, त्यामुळे संताप अजून जात नाही.

कोड पुसू देण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. कोडच्या अर्थात ‘सर्किट’ हा शब्द असेल तर पार्ट बदलण्याआधी वायर, कनेक्टर आणि अर्थिंग तपासायला लावा. जो मल्टिमीटर काढत नाही त्याच्याकडून महागडा पार्ट बसवून घेऊ नका. जुना पार्ट परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगा आणि नव्या पार्टचा नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या.

अशी फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही गंजलेल्या बोल्टांचे फोटो आणि ते बिल जोडून तक्रारीची तयारी केली आहे.