पथ्य धरायचं तर कोणतं? कोलायटिसच्या आहारांचा खानदेशी ताटावरचा हिशेब

आमच्याकडे शौचाला रक्त पडलं की दोनच निदानं ठाऊक: मूळव्याध, नाहीतर मुरडा. माझ्या मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काही नही रे भो, मुरडा शे." तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पुढचे आठ महिने मूळव्याधीचं मलम दिलं. शेवटी नाशिकला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली तेव्हा कागदावर अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव आलं. मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. "खायचं काय?" या प्रश्नाला उत्तर मिळालं, "बाहेरचं आणि तिखट टाळा." बस्स.

मग जे सगळे करतात तेच मी केलं. मोबाइल उघडला. तिथे एक म्हणतो धान्य सोडा, दुसरा म्हणतो कांदा-लसूण सोडा, तिसरा हळदीची कॅप्सूल विकतो. यातली दोन पथ्यं मी स्वतः करून बघितली, बाकीच्यांचं वाचत बसलो. नुकतंच निदान झालेले लोक हल्ली ओळखीतून फोन करतात, त्यांना जे सांगतो तेच इथे मांडतो. प्रत्येक पथ्याला मी दोनच प्रश्न विचारतो: ताटातलं काय काढून घेतोस, आणि बदल्यात काय देतोस?

आधी थोडं आतड्याबद्दल. हा आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा. गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. त्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे ब्युटिरेट नावाचं आम्ल. ते आपण खात नाही, आपले जिवाणू बनवतात. भाकरी-डाळीतला न पचलेला चोथा खाली पोचला की ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट निघतं. फेकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा त्यातला नावाजलेला कारागीर, आणि कोलायटिसच्या रुग्णांत तो कमी सापडतो. म्हणून सगळ्या पथ्यांचा दावा एकच असतो: जिवाणूंचा चारा बदला, म्हणजे आतडं सुधारेल. कोणता चारा काढायचा आणि कोणता घालायचा, यावरच भांडण आहे.

सगळ्यात कडक पथ्य म्हणजे स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट. ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी, मका सगळं बंद. बटाटा बंद, साखर बंद, दूध बंद. हरभरा बंद, म्हणजे बेसनही गेलं. चालतं काय, तर अंडी, मांस, मासे, बहुतेक भाज्या, फळं, मध, काही डाळी आणि चोवीस तास विरजलेलं घरचं दही. याचं मूळ मात्र केळी पिकवणाऱ्या माणसाला गंमत वाटावी असं आहे. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली सिलिअ‍ॅक या आजाराच्या मुलांना केळ्यांवर ठेवून बरं केल्याचं प्रसिद्ध केलं. मुलं खरंच सुधारली. हास यांनी निष्कर्ष काढला की दोष पिठूळ पदार्थांचा. खरा दोषी होता गव्हातला ग्लुटेन नावाचा प्रथिनाचा घटक, आणि हे पुढे हॉलंडच्या विलेम डिके यांनी दाखवून दिलं. तोवर हास यांचं पथ्य आतड्याच्या बाकी आजारांकडेही वळलं होतं. म्हणजे ज्या तर्कावर आपली भाकरी हिसकावली जाते, तो तर्क मुळात दुसऱ्या आजाराचा, आणि तिथेही चुकलेला.

तर्क चुकला म्हणून पथ्य निरुपयोगी ठरत नाही, हेही कबूल. अमेरिकेत त्याची थेट लढत भूमध्य सागरी आहाराशी, म्हणजे भाज्या, फळं, धान्य, डाळी, मासे आणि ऑलिव्ह तेलाच्या जेवणाशी, लावली. निकाल २०२१ मध्ये आला. रुग्ण १९४, पण क्रोन्सचे, कोलायटिसचे नव्हे. क्रोन्स हा याच घरातला भाऊ. सहा आठवड्यांनी कडक पथ्यावरच्या ४६.५ टक्के लोकांची लक्षणं शमली, भूमध्य आहारावरच्या ४३.५ टक्के लोकांची. फरक धरण्यासारखा नाही. मी हे पथ्य पाच आठवडे केलं आणि साडेचार किलो उतरलो. घरात कळण्याची भाकरी थापली जात असताना आपण उकडलेलं अंडं घेऊन बसायचं, याला वैराग्य लागतं. माझ्यात ते नाही. एवढी किंमत मोजून जर सोप्या पथ्याइतकंच हाती लागत असेल, तर हा सौदा मी कुणाला सुचवत नाही. आधीच वजन घटलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

दुसरं पथ्य लो फॉडमॅप. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेलं. पोटात आंबून गॅस करणाऱ्या आणि पाणी ओढणाऱ्या साखरा कमी करायच्या. कागदावर सौम्य वाटतं, पण खानदेशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की कळतं काय काय गेलं ते. कांदा गेला, लसूण गेला. भाजलेल्या कांद्याशिवाय काळ्या मसाल्याचा रस्सा करून दाखवा! गहू गेला म्हणजे बट्टी गेली, तूरडाळीला हात आखडता, आंबा गेला म्हणजे आखाजीचा रस गेला. ज्वारी तेवढी राहते.

आणि केळं? कडक पथ्य म्हणतं, सालीवर काळे ठिपके पडलेलं पूर्ण पिकलं तेवढंच खा. फॉडमॅपवाले म्हणतात, घट्ट आणि बिनठिपक्याचं खा, पिकलेलं नको. रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला एकाच घडावरून दोन पथ्यं करता येतील, फक्त वार बदलायचे. चेष्टा सोडा, पण दोन्ही पथ्यं "जिवाणूंसाठीच" असल्याचं सांगतात आणि एकाच फळावर उलट बोलतात, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

फॉडमॅपचं खरं काम वेगळं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ज्यांचा आजार शांत आहे पण पोट फुगतं, गुरगुरतं अशा ५२ जणांवर चार आठवडे ते करून पाहिलं. ५२ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला. खोटं पथ्य दिलेल्या दुसऱ्या गटात १६ टक्के. पण सुजेचे आकडे जागचे हलले नाहीत, आणि बायफिडो गटातले काही जिवाणू व तो फेकॅलिबॅक्टेरियमही कमी झाले. म्हणजे ज्याला वाढवायचं तोच उपाशी. रक्त पडत असताना हे पथ्य धरणं म्हणजे छपराला गळती असताना भिंतीला चुना लावणं. रक्त थांबलंय, तपासणी चांगली आहे आणि तरी गॅसने जीव नकोसा झालाय, त्यांनी मात्र आहारतज्ज्ञाच्या नजरेखाली चार-सहा आठवडे करावं आणि मग एकेक पदार्थ परत आणावा. परत आणणं हा पथ्याचाच भाग आहे. आपले लोक तेवढंच विसरतात.

आता मला जे जवळचं वाटतं ते. दिल्लीच्या एम्सने सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ६६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची औषधं. दुसऱ्या गटाला निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू कोलोनोस्कोपीतून, आठवड्यातून एकदा असे सात वेळा, आणि जोडीला सूज कमी करणारा आहार. नाक मुरडू नका, या उपचाराच्या चाचण्या जगभर झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या चाचणीत आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस एनिमा देऊन २७ टक्के लोक स्टिरॉइडशिवाय शांत झाले होते, खोट्या एनिमावर ८ टक्के. आपल्याकडच्या अभ्यासात आठ आठवड्यांनी जिवाणू-अधिक-आहार गटातले ६० टक्के शांत झाले, नुसत्या औषधांवरचे ३२ टक्के. त्यानंतर जिवाणू देणं थांबवलं आणि आहार तेवढा चालू ठेवला. ४८ आठवड्यांनी आतूनही बरं दिसणारं आतडं टिकलं ते आहारवाल्या दर चौघांत एकाचं. दुसऱ्या गटात एकाचंही नाही.

त्या आहारात गहू, दूध, लाल आणि डबाबंद मांस, पांढरी साखर, रंग-रसायनं घातलेले पदार्थ बंद. ताजी फळं, भाज्या, आंबवलेले पदार्थ जास्त. पंजाबातल्या माणसाला गहू आणि दूध सोडायला सांगणं म्हणजे अर्धं ताट उचलून नेणं. आपल्याला? दादर ज्वारीची भाकरी, घोटलेली मुगाची डाळ, भरीत, मेथी, शेंगदाण्याची चटणी, केळं. आपलं रोजचं जेवण तिथेच उभं आहे. सोडायचं ते खापरावरची पुरणपोळी, कानबाईचे रोट, बेकरीचा माल, आणि माझ्यापुरतं सगळ्यात अवघड, हॉटेलातली शेवभाजी. एक पथ्य पाळण्याजोगं आहे का हे शास्त्रज्ञ सांगत नाहीत, ते आपल्या चुलीवर ठरतं. माझं हे तीन वर्षं टिकलंय. आधीची दोन्ही तीन महिनेही टिकली नव्हती.

पण हातचं राखून वाचा. त्या अभ्यासात आहार एकटा तपासलेला नाही, जिवाणूंच्या जोडीने तपासलाय. आणि हा जिवाणू-उपचार घरी मिक्सर लावून करायचा नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेल्याने एक रुग्ण दगावला. दात्याची कसून तपासणी होते अशाच ठिकाणी जावं, आणि त्यासाठी आपल्याला मोठं शहर गाठावं लागतं.

गोळ्या-पुड्यांचं थोडक्यात. व्हीएसएल थ्री या आठ जिवाणूंच्या मिश्रणाची २००९ची चाचणी भारतातलीच: १२ आठवड्यांत ४३ टक्के शांत झाले, खोट्या औषधावर १६ टक्के. पण मात्रा होती दिवसातून दोनदा ३.६ लाख कोटी जिवाणू. मेडिकलमध्ये मिळणारी साधी कॅप्सूल त्यापुढे चिल्लर, आणि घरचं ताक हे ताक म्हणून उत्तम, औषध म्हणून नाही. हळदीच्या अर्काने, रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन मेसालामाइनसोबत घेऊन, सौम्य आजारात महिन्याभरात निम्मे रुग्ण शांत झाल्याची २०१५ची छोटी चाचणी आहे. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे ते भाजीतून मिळवायचं तर रोज शंभर ग्रॅम हळद पोटात जायला हवी. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय अर्क घेऊ नका. स्वस्तातलं आश्चर्य इसबगोल: १९९९च्या स्पॅनिश चाचणीत शांत रुग्णांना वर्षभर रोज २० ग्रॅम बिया दिल्या, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण मेसालामाइनच्या जवळपास राहिलं, बियांवर ४० टक्के आणि मेसालामाइनवर ३५ टक्के. बिया, भुशी नव्हे.

मग कोणी काय धरावं? दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, सोबत ताप किंवा नाडी नव्वदच्या वर, तर यातलं काहीही नाही, थेट दवाखाना. मे महिन्यात भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत जुलाब चालू असताना पाणी किती झपाट्याने उतरतं ते मी अनुभवलंय. आजार उसळलेला आहे पण घरी सांभाळण्यासारखा आहे, तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, सोललेल्या शिजवलेल्या भाज्या. कोशिंबीर, बियांचं वांगं आणि ठेचा काही दिवस लांब. तिखट हे आजाराचं मूळ नाही, पण सोललेल्या जागी ते झोंबतंच. आजार निवळला की चोथा हळूहळू परत आणा, कारण जिवाणूंचा चारा तोच. मेसालामाइन मात्र कुठल्याही पथ्याच्या भरवशावर थांबवू नका. मी एकदा चार महिने थांबवलं होतं आणि त्याची फेड स्टिरॉइडने केली. निदानाला आठ वर्षं झाली की कर्करोगासाठी कोलोनोस्कोपीने पाहणी सुरू करायची असते, पोट कितीही बरं वाटत असलं तरी.

पथ्य सुरू करायच्या आदल्या आठवड्यात वजन, हिमोग्लोबिन आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) यांचे आकडे लिहून ठेवा. लक्षणं नसताना कॅलप्रोटेक्टिन दीडशेच्या खाली असेल तर सूज नसण्याची शक्यता मोठी. एका वेळी एकच पथ्य धरा, आठ आठवडे धरा, आणि तेच तीन आकडे परत काढा. पोट हलकं वाटतंय पण कॅलप्रोटेक्टिन जागेवरच आहे, तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि वजन उतरत चाललं असेल तर भाकरी त्याच दिवशी ताटात परत.